आडवे थोरल्याचे, उभे धाकट्याचे

लग्नसराई लागली की आमच्या सोनपेठच्या बाजारात उन्हाला कोऱ्या कापडाचा वास येतो. खळीचा, ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याचा, आणि कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा. गोदाकाठच्या गावांतून टेम्पो भरभरून माणसं बस्ता बांधायला येतात. नवरी, तिची आई, मावश्या, आत्या, आणि काहीच पसंत न करणारी एक तरी काकू. ती काकू प्रत्येक बस्त्यात असतेच. साडीचा पदर चिमटीत धरून ती म्हणते, "रंग जायचा वो हा." मी म्हणते, "जाऊ द्या मावशी, साडी तर ऱ्हाईल." मग सगळ्या हसतात आणि साडी खपते.

सगळ्यांना हा हंगाम आवडतो. कापडवाल्याच्या घरात तर वर्षाची चूल याच्यावर पेटते. मला नाही आवडत. कापडवाल्याच्या बायकोनं असं बोलू नये हे मला कळतं, पण वैशाखाचं ऊन दुकानाच्या पायरीवर चढायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात जे काही तुटलं ते याच दिवसांत तुटलं, आणि दर वर्षी याच दिवसांत ते पुन्हा उकरून निघतं.

आमचं दुकान म्हणजे खरं तर अर्धं दुकान. मधोमध प्लायवूडची भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे आम्ही, साड्या आणि बायकांचं कापड. पलीकडे माझे थोरले दीर, मन्मथआप्पा. त्यांच्याकडे धोतर, फेटे, शर्टपीस, टॉवेल-टोपी. बस्त्याला आलेल्या माणसांना आमच्या पायरीनं उतरून त्यांच्या पायरीनं चढावं लागतं. नवीन माणूस विचारतो, "आतून रस्ता न्हाई का वो?" जुनं माणूस त्याला कोपरानं ढोसून गप्प करतं.

आतून रस्ता नाही, पण फट आहे. सुतारानं पंख्याच्या वायरीसाठी गल्ल्याच्या उंचीवर प्लायवूड कापलं आणि ते थोडं जास्तच कापलं गेलं. त्या फटीतून घडी केलेला पेपर बरोब्बर जातो. इतकी वर्षं या दोन भावांमध्ये जे काही गेलं-आलं ते त्या फटीतून, आणि ते होतं शब्दकोडं. दुसरं काहीही नाही.

आमच्या यांचं नाव विश्वनाथ. सासरे गेले तेव्हा हे लहान होते. थोरल्यांनी यांना दुकानात घेतलं, कापड मोजायचा गज धरायला शिकवला, तागा उलगडून पुन्हा तसाच गुंडाळायला शिकवलं, आणि दुपारच्या रिकाम्या वेळी शब्दकोडं सोडवायलाही शिकवलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा ते बघायला मला मोठी गंमत वाटायची. थोरले गादीवर मांडी घालून मोठ्यानं वाचायचे, "आडवे तीन. तळ्यात उगवणारे फूल, तीन अक्षरं." हे ताग्यांच्या मागून ओरडायचे, "कमळ!" चुकलं की थोरले त्यांच्या बोटांवर गज हाणायचे. हलकाच, पण लागायचा. गिऱ्हाईकसुद्धा मधेच बोलायचं, कुणी टोपी घालून बघता बघता एखादा शब्द टाकून जायचं. शेवटचा चौकोन भरला की थोरले पेन टोपणात घालत म्हणायचे, "झालं, आजचा दिवस सत्कारणी लागला." हे भावाकडे असे बघायचे की मला हेवा वाटायचा. माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

कोड्याची चटक काय असते हे ज्याला लागली त्यालाच ठाऊक. सकाळी चार शब्द धडाधड येतात आणि वाटतं, आपल्यासारखे आपणच. मग एक शब्द अडतो. ओठांवर असतो आणि येत नाही. गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता, भाकरी थापताना, नळाचं पाणी भरताना, तो नुसता आत टोचत राहतो. आणि मग भलत्याच वेळी, घागर डोक्यावर असताना, टपकन पडतो. तेव्हा असं वाटतं की कुणाला तरी सांगावं. सांगायला कुणी नसलं की तो आनंद जागच्या जागी नासतो. हे मी माझं सांगतेय. कारण कोडं तिकडे दोघं सोडवायचे, पण मनातल्या मनात मीही सोडवत होते. मला कुणी विचारलं नाही.

मग ती लग्नसराई आली. आमची उमा तेव्हा शाळेत होती. बस्त्याला मोठी मंडळी बसलेली, गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. यांच्या हातून सदऱ्याचं कापड आखूड कापलं गेलं. हातभर आखूड. एवढंच. गर्दीत होतं तसं. थोरल्यांनी ते कापड दोन हातांनी ताणून सगळ्यांसमोर वर धरलं आणि म्हणाले, "बघा मंडळी. ह्याला गज धरायला शिकवला, कात्री धरायला शिकवली. माणूस करायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं."

मंडळी हसली. बस्त्याला आलेली माणसं आधीच हसायच्या तयारीत असतात. यांनी कात्री गादीवर ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दादा, वाटून द्या."

"काय?"

"दुकान वाटून द्या."

ते त्यांचं भावाशी बोललेलं शेवटचं वाक्य. थोरल्यांना वाटलं, रात्रीतून उतरेल राग. यांना वाटलं, थोरले एकदा तरी म्हणतील, चुकलं माझं. दोघंही वाट बघत बसले आणि वाट बघता बघता सुतार आला.

वाटणीला बाजारातले म्हातारे किराणावाले पंच म्हणून बसले होते. त्यांनी ताग्यांची वाटणी केली, कपाटांची केली, शिलाई मशीन एकाला, मोठा आरसा दुसऱ्याला. भिंतीवरचा शंकर-पार्वतीचा फोटो थोरल्यांच्या बाजूला गेला, कारण खिळा तिकडे होता. त्या फोटोत मांडीवर गणपती आहे, बाजूला कार्तिकस्वामी आहे, त्याच्या पायाशी मोर. फोटो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. शेवटी राहिला पेपर. एकच पेपर यायचा. किराणावाले बेजार झाले होते, त्यांना घरी जाऊन जेवायचं होतं. थोरले म्हणाले, "पेपर माझ्या नावानं येतो." हे पंचांकडे बघून म्हणाले, "कोडं मला पायजे." म्हातारबुवांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "मग असं करा. आडवे थोरल्याचे, उभे धाकट्याचे! झालं समाधान?"

ते कुचेष्टेनं बोलले होते हो. अक्कल असलेला कुठलाही माणूस हसून उठला असता. हे दोघं हसले नाहीत. थोरल्यांनी मान डोलावली. यांनीही डोलावली. मी दारामागून बघत होते आणि माझ्या जावेनं, अक्कांनी, कपाळावर हात मारला. बायकांना वाटणीत काय मिळालं ते विचारू नका.

तेव्हापासून तो कायदा झाला. गंगाखेडच्या गाडीनं सकाळी पेपरचा गठ्ठा येतो, पेपरवाला थोरल्यांच्या पायरीवर पेपर टाकतो. ते आडवे शब्द भरतात, निळ्या पेननं. मग फटीतून पेपर इकडे. हे दिवसभरात उभे शब्द भरतात आणि दुकान बंद करताना पेपर परत फटीतून तिकडे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आदल्या दिवसाचं उत्तर छापून येतं. ते थोरले आधी बघतात, कारण पेपर आधी त्यांच्याकडे. ते लाल पेन घेतात आणि यांचा जो उभा शब्द चुकला असेल त्याला गोल करतात. मग नव्या पेपरबरोबर कालचा तपासलेला पेपरही फटीतून येतो.

स्वतःच्या आडव्या चुकीला त्यांनी कधी गोल केला नाही. त्यांची तशी रीतच नव्हती.

आणि आमचे हे! एका लेकीचे बाप झाले, केस पांढरे झाले, पण सकाळी दुकानात आले की आधी तो कालचा पेपर उलगडायचे. लाल नसलं की माणूस दिवसभर हलका. गिऱ्हाइकाला स्वतःहून चहा सांगणार. लाल असलं की कुणी बोललेलं सहन होत नसे. मी एकदा चिडून म्हणाले, "शाळेत हाव का तुमी अजून?" तर म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." मला सगळं कळत होतं. तो लाल गोल म्हणजे गजाचा मार होता, आणि यांना तो हवा होता.

त्यातही थोरल्यांचा एक छळवाद होता. कधी कधी ते आडवा शब्द मुद्दाम चुकीचा लिहायचे. मी म्हणते मुद्दाम. हे म्हणायचे, चुकून. दुसऱ्याच्या हिश्शाला हात लावायचा नाही असा कायदा, त्यामुळे आडव्याचं चुकीचं अक्षर उभ्या शब्दात आलं की यांनी काय करायचं? खोडता येत नाही. मग हे तासन्‌तास त्या अक्षरात बसणारा दुसरा काही शब्द शोधायचे. सापडायचा नाही, कारण तो नव्हताच. काहीतरी ओढूनताणून बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच लाल गोल. भिंतीपलीकडून थोरल्यांची खुर्ची करकरायची, म्हणजे ते टेकून आरामात बसले असं समजायचं.

उमाचं लग्न ठरलं ते पूर्णेच्या मुलाशी. रेल्वेत आहे, चांगला आहे. तोही वैशाखच. आमच्याकडे एक पद्धत आहे, पद्धत म्हणजे घरातली, बाहेर कुणी पाळत असेल-नसेल. लग्नात धाकट्याला फेटा थोरला भाऊ बांधतो. यांच्या स्वतःच्या लग्नात यांना फेटा थोरल्यांनी बांधला होता. इतका घट्ट, की संध्याकाळी सोडला तेव्हा कपाळावर वळ होता आणि हे तो वळ आरशात बघून हसत होते. आता मुलीचं लग्न. यांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण मला कळलं, यांना एकच गोष्ट पाहिजे होती. थाटमाट नाही, बँडबाजा नाही, पाहुण्यांनी नावाजणं नाही. दादानं येऊन फेटा बांधावा.

फेट्याचं कापड आणायचं म्हणजे भिंतीपलीकडेच जावं लागणार. मी गेले. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. मी पदर पुढे घेतला आणि फोटोकडे बघून म्हणाले, "उमाच्या वडलांसाठी फेटा पायजे." थोरल्यांनी एक गुलाबी तागा ओढला. गज लावून, हात लांब करून, एक वीत जास्तच सोडून कापलं. घडी केली. घडीवर दोन वेळा हात फिरवला. मला वाटलं, येणार थोरले लग्नाला. मग त्यांनी गड्याला सांगितलं, "किंमत घे." बाजारात सगळ्यांना लावतात तीच किंमत.

पत्रिका मी आणि उमानं घरी जाऊन दिली, अक्षतांसकट. अक्का रडल्या. थोरल्यांनी पत्रिका चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि देवापुढे ठेवली. एवढं केल्यावर माणूस येईल असं कुणालाही वाटेल.

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात हे बोडके बसून होते. खुर्चीच्या हातावर ती गुलाबी घडी. सगळे पुरुष फेटे बांधून फिरतायत, नवरीचा बाप बोडका. माझा भाऊ म्हणाला, "दाजी, आणा मी बांधतो."

"थांब जरा."

अक्का आल्या. एकट्याच. मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "येयलेत का?"

"आंघोळ झाली बाई. धोतर नेसायलते मी निघाले तवा. कडक इस्त्रीचं काढलंय."

मी जाऊन यांना सांगितलं. यांचं तोंड असं उजळलं की मला ते बघवेना. लग्न लावायला आलेल्या जंगमस्वामींनी दोनदा हाक मारली. व्याही घड्याळ बघायला लागले. "आलेच, आलेच," हे म्हणत राहिले आणि दाराकडे बघत राहिले. आणि मग दारातून थोरल्यांचा गडी नामदेव सायकल लावून आत आला. त्याच्या हातात घडी केलेला पेपर होता.

तो यांच्यापुढे धरून म्हणाला, "मन्मथआप्पांनी दिलाय. तुमचं दुकान बंद हाय तर फटीतून कुणाला देऊ म्हणले, तिकडंच नेऊन दे."

"दादा कुठं हाय?"

"दुकानात. बस्ता आलाय ना."

कडक इस्त्रीचं धोतर नेसून तो माणूस दुकानात जाऊन बसला होता. पुतणीच्या लग्नाच्या मुहूर्ताला त्यानं आडवे शब्द भरले होते, एकही चौकोन न सोडता, नेहमीच्या रेखीव अक्षरात. मला वाटलं, आता हे पेपर फाडतील. मी तर वाटच बघत होते. यांनी आहेर लिहिणाऱ्याकडून पेन मागून घेतलं आणि लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून उभे शब्द भरायला लागले.

"अवो, लोक बघायलेत!"

"दोनच ऱ्हायलेत."

"मुहूर्त टळायलाय!"

"झालंच."

मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. शोधसूत्र होतं, कार्तिकस्वामीचे वाहन, दोन अक्षरं. शंकराचं नाव घेऊन अन्न खाणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही मोर म्हणेल. पण पहिल्या चौकोनात थोरल्यांचा 'ह' होता. आडव्याला 'आनंद' असं होतं, दोन अक्षरं, आणि तिथे 'मोद' लिहायचं सोडून त्यांनी 'हर्ष' लिहिलं होतं. उभं सूत्र त्यांनाही वाचता येत होतं. डोक्यावर मोराचा फोटो होता. तरी 'हर्ष'.

यांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्या 'ह'वर त्यांनी जपून अनुस्वार दिला आणि खाली 'स' लिहिला. हंस.

मी म्हणाले, "कार्तिकस्वामीचं वाहन हंस हाय का?"

"दादानं ह लिव्हलाय."

पेपर नामदेवाच्या हाती परत गेला. मग हे उठले आणि माझ्या भावाला म्हणाले, "बांध." त्याला कुठला फेटा येतो? ढिला बांधला. अक्षता पडेपर्यंत तो यांच्या कानावर घसरत होता. उमाच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत यांचा एक हात फेट्याला आहे. उमाची सासू कौतुकानं म्हणते, "इवाई लय हौशी होते, सारखा फेटा नीट करायचे."

पाठवणीला सगळे रडले. व्याहीसुद्धा रडले. हे नाही रडले. उमा गळ्यात पडली तर हे तिच्या पाठीवर थोपटत होते आणि नजर भलतीकडेच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. भिंतीपलीकडून मोठमोठ्यानं आवाज येत होता. थोरले गिऱ्हाइकांना कालचा पेपर दाखवत होते. "कार्तिकस्वामीचं वाहन हंस म्हणे! शंकराच्या घरात जन्मला, हंस म्हणे!" तिकडे हशा झाला. मग फटीतून पेपर आला. 'हंस'भोवती लाल गोल. एक नाही, एकावर एक दोन.

हे तो कागद गल्ल्यावर पसरून बघत राहिले. आणि तेव्हा रडले. पोटच्या पोरीला वाटेला लावताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तो माणूस साड्यांच्या ढिगाआड तोंड घालून ढसाढसा रडला. मी पाणी दिलं तर म्हणाले, "माझंच चुकलं. पण दादानं तपासलं तर खरं."

मी त्या वेळी काय बोलले ते लिहीत नाही. छापण्यासारखं नाही.

ते सगळं ध्यानात यायला यंदा कारणही तसंच झालं. यंदाच्या सराईत थोरल्यांच्या महेशचं लग्न होतं. पत्रिका फटीतून आली, पेपराच्या घडीत. तोवर कोड्याशिवाय त्या फटीतून काही आलं नव्हतं. आम्ही काय करणार याच्यावर बाजारात पैजा लागल्या असतील. मी म्हणाले, "दुकान उघडं ठेवा आन नामदेवासंगं उभे शब्द धाडून द्या." हे म्हणाले, "लेकरानं काय केलंय आपलं?" आणि नवा सदरा घालून सगळ्यांच्या आधी तयार. त्या दिवशीही सकाळी कोडं आलं होतं, आडवे भरून. मुलाच्या लग्नाच्या गडबडीतही थोरले चुकले नाहीत. हे म्हणाले, "बघ, ध्यानात हाय त्याच्या." पेपर घडी करून खिशात ठेवला आणि मांडवात गेले.

जेवणाआधी मानाचे फेटे द्यायला सुरुवात झाली. माईकवर भाड्यानं आणलेला माणूस होता, थोरले त्याच्या शेजारी उभे, तो पुकारेल तसे. नवरदेवाचे मामा. नवरदेवाचे आत्तेभाऊ. नवरदेवाचे मावसभाऊ. काका म्हणून कधी पुकारतात याकडे यांचे कान लागलेले. हे खुर्चीच्या काठावर आलेले मला बायकांतून दिसत होते. सगळं गणगोत संपलं. मग माईकवाला म्हणाला, "आता आपल्या बाजारपेठेतील व्यापारी मंडळी." किराणावाला झाला, भांडीवाला झाला. "साडीचे व्यापारी, विश्वनाथआप्पा!"

हे उठले. पाय ओढत वर गेले. थोरले नारळ देत होते. एका पोरानं तयार फेटा, टोपीसारखा शिवलेला, यांच्या डोक्यावर ठेवला. थोरल्यांनी नारळ दिला आणि यांच्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे बघितलं. भांडीवाल्याला जेवढा वेळ दिला तेवढासुद्धा दिला नाही.

 घरी आल्यावर यांनी फेटा खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी फटीतून नवा पेपर आला, त्यात लग्नाच्या दिवशीच्या कोड्याचं उत्तर. कालचं कोडं यांच्या खिशातच राहिलं होतं, परत गेलंच नव्हतं. यांनी ते काढलं आणि आधी उभे शब्द भरले. पावसाचं एक नक्षत्र म्हणून थोरल्यांनी आडव्यात 'हस्त' लिहिलं होतं. उत्तर होतं 'मघा'. कुणीही चुकेल असं. यांनी थोरल्यांची निळी अक्षरं खोडली. वर स्वतःची लिहिली. मग माझ्या गल्ल्यातलं लाल पेन घेतलं, मी साड्यांच्या चिठ्ठ्यांवर आकडे टाकते ते, आणि 'हस्त'भोवती गोल केला. गोल पुरा झाल्यावर त्याच्यावरून पुन्हा एकदा फिरवला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत इतका आनंद मला उमाच्या बाळंतपणातही झाला नव्हता. मी म्हणाले, "द्या आता." यांनी पेपर फटीत सरकवला. पलीकडून कुणीतरी तो ओढून घेतला. मी कान देऊन ऐकत होते. खुर्ची करकरली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फटीतून काहीच आलं नाही. वाटलं, गाडी उशिरा असेल. ऊन पायरीवर चढलं, बस्त्याची माणसं आली, गेली. हे साडी उलगडताना मधेच फटीकडे बघायचे. पेपरवाला बाजारात दिसला तेव्हा मी त्याला हाक मारून विचारलं. तो म्हणाला, "मन्मथआप्पांनी बंद केला ना पेपर. कामून ते काय सांगितलं न्हाई. उद्यापासून टाकू नको म्हणले."

आता रोज हे दुकानात येतात, गल्ल्यावर बसतात आणि फटीकडे बघतात. मधे सुतार दुसऱ्या कामाला बाजारात आला होता. पलीकडून खटखट ऐकू आली आणि फटीवर तिकडून पट्टी बसली. पंख्याच्या वायरीपुरती जागा राहिली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

परवा मी स्टँडवरून स्वतः पेपर विकत आणला. करकरीत, कुणाचं अक्षर न पडलेला. कोड्याचं पान वर करून यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. मी म्हणाले, "घ्या. आता आडवे बी तुमचेच, उभे बी तुमचेच. वाटेकरी न्हाई कुणी."

यांनी पेन घेतलं. उभे शब्द भरले, एका दमात, सगळे. मग पेन खाली ठेवलं. कितीतरी चौकोन रिकामे होते. मी म्हणाले, "आन हे?"

"मला आडवे येत न्हाईत," हे म्हणाले.

मला येत होते. सगळे. मी पेपर उचलून घडी केली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला त्यात साडी बांधून दिली.